उघडं लोखंड

हाशम मिस्तरीचं घर धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. घर म्हणायचं ते आपलं सवयीनं. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, ओट्यावर गिअरबॉक्स, मोरीपाशी सायलेन्सर, आणि पत्र्याच्या शेडच्या आडव्या गर्डरला टांगलेली साखळीची पुली. ईदेला सुगराबी त्या पुलीलाच झालर बांधते, कारण नवरा ती उतरवू देत नाही. एकदा मी पाणी मागायला आत गेलो, तर एका परातीत रॉकेलमध्ये बेअरिंगं भिजत होती आणि शेजारी तसल्याच परातीत कणीक मळलेली होती. भाभी, कधी तरी घोटाळा होईल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, घोटाळा निकाहाच्या दिवशीच झाला, आता कसली भीती.

मी रुपचंद. माझं कुशनचं दुकान त्याच गल्लीत, चार घरं सोडून. सीटा, हूड, दाराचे पडदे. जुनी गाडी आली की तिची हाडं हाशम बसवतो आणि कातडं मी चढवतो, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. माझं तोंड तिखट आहे, गिऱ्हाईक एकदा येतं ते दुसऱ्यांदा विचार करून येतं. हाशमला तोंडच नाही. त्यामुळे आमचं जमलं.

तो मूळचा भडगावचा. बाप पत्र्याच्या पेट्या करायचा. मिसरूड फुटायच्या आत हाशम धुळ्याला एका गॅरेजात डेंटर म्हणून, म्हणजे पत्रा ठोकायला, लागला. तिथं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण बऱ्याच ठिकाणी अजून तसंच चालतं. जुन्या गाडीचा पत्रा सडून भोक पडलं की सडका भाग कापून नवा पत्रा जोडायला हवा. त्याला वेळ लागतो. म्हणून भोकात गोणपाट नाही तर वर्तमानपत्र कोंबायचं, वरून पुट्टीचा थर द्यायचा, घासून आरशासारखा करायचा आणि रंग मारून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक खूश. पुट्टी गळायला लागेपर्यंत गाडी भलत्याच कुणाच्या गळ्यात गेलेली असते. हाशम हे काम करत होता आणि सफाईनं करत होता. मग त्यानंच भरलेल्या एका जीपच्या तळातून चालत्या गाडीत एका बाईचा पाय आरपार खाली गेला. तो पाय पुढे कापावा लागला. गॅरेजच्या मालकानं हात झटकले. हाशम त्या दिवशी घरी आला आणि परत कुणाच्या दारात कामाला उभा राहिला नाही.

घरी त्यानं स्वतःचा एक रिवाज पाडला. गाडी आली की तिचा सगळा जुना रंग, पुट्टी, डांबर, गंज काढून लोखंड उघडं करायचं. सडलेलं कापून नवं जोडायचं. आणि रंगाचा पहिला हात मारायच्या आधी मालकाला घरी बोलवायचं. मालकानं यायचं, चहा घ्यायचा आणि उघड्या लोखंडावरून, वेल्डिंगच्या शिवणीवरून, खालून वरून, पाहिजे तिथं हात फिरवायचा. मालक हो म्हणाला की मग रंग. मी त्याला मुँहदिखाई म्हणायचो. नवरीचं तोंड पाहून सासरचे काही तरी हातात ठेवतात, इथं सुगराबी उलट पाहणाऱ्याच्याच हातात चहा ठेवते, असं म्हणून मी तिला चिडवायचो. हाशम मात्र त्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गाडीशेजारी उभा राहायचा. दुसऱ्याचा हात लोखंडावरून फिरताना त्याचे डोळे त्या हातामागं फिरत असायचे. पैशाच्या वेळी हा माणूस नजर वर करत नाही. त्याला फक्त ती घटका हवी असायची.

नुसत्या जुन्या गाड्या नाही, त्यानं कितीतरी नवी सोंगंही उभी केली. एरंडोलच्या कुंदाबाई मास्तरणीचे पाय लहानपणापासून अधू. तिच्या स्कूटरला त्यानं दोन जादा चाकं आणि मागं कुबड्या ठेवायची खोबण करून दिली. बाई आता पद्मालयाच्या गणपतीला एकटी जाऊन येते. केळीवाल्यांसाठी घड न घसटता नेता येईल अशी टपाची गाडी केली. बँकेतले लोक छंद म्हणून जुन्या बुलेटी घेऊन यायचे. त्या लोकांचा मला राग यायचा, कारण त्यांना सीटचा रंग ठरवायला महिना लागतो.

तेरसिंग तसला नव्हता. तो सातपुड्यातला पावरा आदिवासी, शिरपूरच्या वर डोंगरात त्याचा पाडा. पावसाच्या पाण्यावरची थोडी शेती, मोहाची फुलं, डिंक, आणि उरलेल्या दिवसांत मजुरी. असा माणूस जीप कशाला घेईल? ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्याच्या बायकोला, रुपलीला, हृदयाच्या झडपेचा आजार होता. दम कोंडला की लगेच घेऊन या, उशीर करू नका, असं शिरपूरच्या डॉक्टरांनी बजावलेलं. पण पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंत नुसता दगडधोंड्यांचा उतार. आजारी माणसाला बांबूला चादर बांधून झोळीतून न्यायचं, पुढं दोघं, मागं दोघं. झोळीत माणूस दुमडला जातो आणि छाती आणखीच दाबली जाते. आदल्या पावसाळ्यात रुपली तशीच दुमडलेली दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली. तेरसिंगनं दोन बैल आणि रुपलीच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या विकल्या आणि बाजारातून एक जुनी जीप घेतली. दगडातून चढणारी गाडी तीच.

जीप घेतली ती रंगानं चकचकीत. पहिल्याच पावसात दार निखळलं, तळ बसला, पुट्टीचे पोपडे खाली पडले. ट्रॅक्टरच्या मागं बांधून त्यानं ती हाशमकडे आणली. हाशमनं पत्रा खरवडला तेव्हा आतून गोणपाट निघालं, कागद निघाले, एका जागी तर कुणाच्या तरी जुन्या लुगड्याचा बोळा निघाला. तेरसिंग उकिडवा बसून ते एकेक बाहेर येताना पाहत होता. त्या दिवसापासून तो कोणत्याही गाडीवाल्याचा शब्द खरा मानायला तयार नव्हता, आणि त्यात मला तरी काही चूक दिसत नाही.

त्याची अट एकच होती, कागद पक्के पाहिजेत. जीपची नोंदणीची मुदत संपलेली, म्हणजे दुरुस्तीनंतर आरटीओत तपासणीला उभी करून नव्यानं पास करून घ्यायची. मी म्हटलं, अरे डोंगरात कोण कागद विचारतो? मग हाशमच मला म्हणाला की बिनकागदाच्या गाडीत शेठ बसला तर ती शेठची गाडी असते, पावरा बसला तर ती चोरीची असते. हा माणूस कधी नव्हे तो इतकं लांब बोलला.

हिवाळाभर काम चाललं. हाशमनं तळ नवा टाकला, स्प्रिंगचे पाटे बदलले. मागची सीट काढून तिथं लांब फळी बसवायची युक्ती त्याचीच, रुपलीला आडवं झोपता यावं म्हणून. फळीवरची गादी मी शिवली, उशाकडे जाड आणि पायांकडे पातळ. रंग कोणता, असं विचारल्यावर तेरसिंग म्हणाला, फॉरेस्टवाल्यांचा हिरवा सोडून कोणताही चालेल. आम्ही निळा ठरवला. सुगराबी तर त्या जीपवर लेकीसारखा जीव लावून बसली होती. तिचा लेक आकिब सुरतेला कामाला लागल्यापासून घर तिला खायला उठायचं. ती रोज ब्रश घेऊन चेसीवरचं, म्हणजे खालच्या सांगाड्यावरचं, डांबर खरवडायला बसायची.

होळीच्या सुमारास मुँहदिखाईचा दिवस आला. तेरसिंग रुपलीलाही घेऊन आला होता. बाई ठेंगणी, वाळलेली, ओट्याच्या दोन पायऱ्या चढली आणि बसून राहिली. सुगराबीनं तिला आत नेलं. तेरसिंगनं सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि हात फिरवायला सुरुवात केली. तळ, खांब, दाराच्या चौकटी. मग तो खाली सरपटला. पाठीवर पडून चेसीच्या दांड्यांवरून बोटं फिरवत पुढं गेला आणि उजव्या दांडीवर पुढच्या चाकाजवळ थांबला. सगळं लोखंड पांढरं झालेलं, आणि तेवढ्याच वीतभर जागेवर काळी चिकटपट्टी.

ती पट्टी म्हणजे चेसीचा नंबर. कारखान्यात लोखंडात ठोकलेला, गाडीची खरी ओळख. बाकी सगळी गाडी बदलली तरी चालते, तो आकडा बदलून चालत नाही. म्हणून हाशम काम सुरू करताना आधी नंबर शोधायचा, त्यावर पट्टी मारायचा आणि सगळ्यांत शेवटी रॉकेलच्या फडक्यानं, हलक्या हातानं, तेवढी जागा पुसायचा. मशीन तिथं कधी न्यायचा नाही. हे मला माहीत होतं. तेरसिंगला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

तो खालूनच म्हणाला, "या पट्टीखाल काय दपाडेल शे, मिस्तरी?"

काय लपवलं आहेस, असं विचारलं त्यानं. हाशमला. मी हाशमचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत त्याला शिव्या घालणारे आले, पैसे बुडवणारे आले, तो हसून सोडून द्यायचा. या प्रश्नानं मात्र त्याच्या तोंडावर थप्पड बसावी तसं झालं. नंबर आहे, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण ज्याच्या गाडीतून लुगड्याचा बोळा निघाला होता, त्याला तोंडी सांगणं हाशमला लाज आणणारं वाटलं असावं. त्याच्या घरी तोंडी काही चालत नाही, हाच तर त्याचा रिवाज.

"दखाडस तुले," तो म्हणाला.

पट्टी त्यानं ओरबाडून काढली. खाली गंज होता, जाड, पापुद्र्यांचा. फडकं घेऊन बसला असता तर तास गेला असता, आणि तेरसिंग खाली वाट पाहत होता. हाशमनं तारेच्या ब्रशचं मशीन उचललं. मिस्तरी थांब, असं मी म्हणेपर्यंत ते लागलंसुद्धा. तांबडा धुरळा उडाला, क्षणभरच. गंजानं आकडे आतून कधीच खाऊन टाकले होते, नुसत्या पापुद्र्यावर त्यांचा आकार उरला होता, आणि तो पापुद्रा धुरळ्याबरोबर गेला. पहिले आकडे राहिले. शेवटचे तीन गेले. तिथं स्वच्छ पांढरं लोखंड चमकत होतं.

तेरसिंगनं त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि हसला. इतक्या महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "आते बेस शे," असं म्हणून तो बाहेर आला, आणि हाशमच्या हातातून चहा घेतला. दोघं नवराबायको संध्याकाळच्या एसटीनं गेली, आणि जाताना रुपलीनं जीपच्या बोनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

हाशमनं त्याला सांगितलं नाही. मला आजही वाटतं, सगळं तिथं चुकलं. नंबर जाणं ही चूक नव्हती, ती घाई होती, घाई कुणाकडूनही होते. मी त्याच दिवशी बजावलं होतं.

"आरटीओना साहेबले खरं सांगी दे, मिस्तरी."

"सांगसू," तो म्हणाला. "पन तेरसिंगले कसं सांगू?"

आम्ही नवलकडे गेलो. नवल आरटीओच्या बाहेर टेबल टाकून लोकांची कामं करतो. त्यानं सांगितलं की रस्ता आहे. गंजानं नंबर गेला, असा अर्ज करायचा, पोलिसांचा दाखला, प्रयोगशाळेची तपासणी, वरून मंजुरी, मग सरकारी देखरेखीखाली नंबर परत ठोकून मिळतो. वेळ किती, असं विचारलं तर त्यानं हात हवेत फिरवला. पावसाळा तर जाईलच, दिवाळीही जाईल. आणि तोवर गाडी जागेवरून हलवायची नाही.

पावसाळा म्हटल्यावर हाशमचा चेहरा विझला. पावसाळ्यासाठीच तर जीप होती. मी त्याला म्हटलं, उशीर झाला तरी कागद खरा मिळेल, एक पावसाळा झोळी करतील ते, इतके केले तसा आणखी एक. बोलायला सोपं होतं, झोळीत माझी बायको दुमडली जाणार नव्हती. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तेव्हा मी भडकलो, नाही नाही ते बोललो आणि घरी निघून आलो. माझा राग दुधासारखा, उतू जातो आणि बसतो. चार दिवसांनी मी परत गेलो तेव्हा जीपवर निळा रंग चढला होता.

नंबरही बसला होता. कागदपत्रात पूर्ण नंबर होताच, आणि आकडे ठोकायचे पंच कुठल्याही लोहाराकडे मिळतात. गेलेले तीन आकडे त्यानं स्वतः ठोकले होते. ज्या हातानं बाईचा पाय गेल्यापासून पुट्टीचं बोट लावलं नव्हतं, त्या हातानं. नंबर खरा आहे, याच गाडीचा आहे, मी काही खोटं लिहिलेलं नाही, असं तो मला सांगत राहिला. मी विचारलंही नव्हतं. सुगराबी दारात उभी राहून ऐकत होती, आणि ती आत निघून गेली.

तपासणीच्या दिवशी तेरसिंग नवा सदरा घालून आला. जीप इतकी देखणी झाली होती की रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून पाहायला आले. तपासणारा साहेब तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं ब्रेक पाहिला, दिवे पाहिले, आणि काम कुणी केलं म्हणून कौतुकानं विचारलं. मग खाली वाकून नंबरावर कागद ठेवला आणि पेन्सिल घासून ठसा घेतला. ठसा उजेडात धरला. परत वाकला, नखानं एकेक आकडा चाचपला.

"हे शेवटचे तीन कंपनीचे नाहीत," तो म्हणाला. "गाडी कुणाची?"

तेरसिंगनं हात वर केला. शाळेत करतात तसा.

हाशम पुढं झाला. "साहेब, ते आकडे मी पाडले. माझ्या मशीननं पुसले गेले, म्हणून मीच पाडले. या माणसाला काही माहीत नाही." साहेबानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्याला ते पटलंही असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, तुम्ही आधी येऊन एवढंच सांगितलं असतं, तर मी स्वतः अर्ज लिहून दिला असता, आता माझ्या हातात काही नाही. नंबर पुसला जाणं हे दुर्दैव, पण स्वतः ठोकणं हा गुन्हा. आणि गाडी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला.

पोलीस ठाण्यात त्याला तो प्रश्न विचारला गेलाच. कुठून उचलली? हाशम घसा सुकेपर्यंत सांगत होता, ते लिहूनही घेतलं गेलं, पण तेरसिंगला रात्रभर तिथंच बाकावर बसवून ठेवलं. सकाळी सोडलं. गुन्हा दोघांच्या नावावर नोंदला. जीप मुद्देमाल म्हणून आवारात जमा झाली. सोडवून घ्यायला अर्ज केला, तर मालकी सिद्ध करा म्हणाले, आणि मालकी सिद्ध होते ती चेसीच्या नंबरावरून. नंबराचाच तर वाद. वकील म्हणाला, निकाल लागेपर्यंत वाट पाहा.

ठाण्याच्या आवारात अपघातात चेचलेल्या मोटरसायकलींच्या रांगेत ती निळी जीप उभी राहिली. हाशम दर शुक्रवारी नमाजनंतर कुंपणाबाहेर जाऊन पाहून यायचा. मी एकदा सोबत गेलो, परत गेलो नाही. हूडवर चिंचेचा पाला साचून माझं कापड कुजायला लागलं होतं. कुणीतरी आतली गादी काढून नेली होती. वळवाचा पाऊस होऊन गेला तेव्हा दाराच्या कडेला तांबडी रेघ उमटली. हाशमनं घरी येऊन भाभीला ती बोटानं मोजून दाखवली, आणि त्या दिवशी जेवला नाही. नवीन काम तो घेतच नव्हता. बुलेटवाले येऊन परत जायचे. अंगणात पाय ठेवायला जागा झाली, आणि मला ते अंगण बघवेना.

आषाढात एक दिवस तेरसिंग आला. भिजून चिंब, हातात माणसाच्या खांद्याएवढी एक काठी. आम्हाला वाटलं, आता हा भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला, चहा घेतला आणि मीच पट्टीचं विचारलं म्हणून हे झालं, असं स्वतःलाच बोल लावत राहिला. मी मुकाट बसलो असतो तर नंबर राहिला असता, म्हणाला. हाशमनं दोन्ही हात कानांवर ठेवले. खरंच ठेवले, लहान मुलासारखे.

मग तेरसिंगनं कामाचं सांगितलं. जीप तर येत नाही. रुपलीचे पाय सुजलेत, रात्री तिला उशाला बसवून ठेवावं लागतं. झोळीत ती आता टिकणार नाही. तेव्हा लोखंडी नळ्यांची एक डोली करून दे. सपाट, म्हणजे ती दुमडणार नाही. डोक्याकडे उंच. चौघांच्या खांद्यावर बसेल अशी, आणि हलकी, कारण उतारावर पाय घसरतात.

हाशमनं विचारलं, माझ्याकडे कसा आलास?

"दुसरा मिस्तरी माले माहीत नही," तेरसिंग म्हणाला. आणि काठी पुढं केली. "रुपलीना मापनी कर."

काठी तिच्याच उंचीची तोडून आणली होती त्यानं. हाशमनं ती हातात घेतली, अंगणात आडवी ठेवली आणि तिच्या शेजारी खडूनं रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर तो तिथंच बसला. गाड्या बांधणारा माणूस, ज्यानं अधू बाईला चाकं दिली, तो आता बिनचाकाचं वाहन बांधायला बसला होता. मला त्या वेळी जो संताप आला तो कुणावर, ते मला आजही सांगता येणार नाही. साहेबावर नाही, तेरसिंगवर नाही. हाशमवरसुद्धा नाही.

डोली त्यानं दिवसभरात उभी केली. पातळ नळी, कोपरे वाकवून जोडलेले, खांद्यावर टेकते तिथं रबर. पट्टे मी शिवले, नवारीचे, दुहेरी. हाशमनं ती रंगवली नाही, आणि तेरसिंगनं हात फिरवूनही पाहिला नाही. नुसती उचलून वजन बघितलं, मान हलवली आणि एसटीच्या टपावर टाकून घेऊन गेला. सुगराबीनं रुपलीसाठी दिलेला खजूर त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून घेतला होता.

त्यानंतर काही कळलं नाही. डोंगरात फोन लागत नाहीत. भाभी रोज विचारायची, काही खबर? मी म्हणायचो, खबर नाही म्हणजे बरं असेल. हे मी कशाच्या जोरावर म्हणायचो, कोण जाणे.

कोर्टाची तारीख भाद्रपदात लागली. हाशमसोबत मी गेलो. तेरसिंग आधीच येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. हाशम शेजारी बसला, पण रुपलीचं विचारायचा त्याला धीर होईना. मलाही धीर होत नव्हता. शेवटी तेरसिंगच बोलला, समोरच्या भिंतीकडे बघत. पोळ्याच्या आदल्या दिवशी रुपलीचा दम कोंडला. चौघांनी डोली उचलली आणि पावसातून सडकेपर्यंत आणली. तोवर ती बोलत होती. सडकेवर दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसले, आणि गाडी आली तेव्हा ती नव्हती.

तेरसिंगला हाशमची दया आली असावी. त्यानं मान वळवली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डोली हालकी व्हती, मिस्तरी. चारीस्ले जड नही लागनं. तिले धक्का बी नही लागना. तुनं काम चांगलं शे."

हे ऐकायला हाशम जन्मभर गिऱ्हाइकाच्या हातामागं डोळे फिरवत उभा राहिला होता. तो वाकला आणि दोन्ही हातांनी बाकाची कड धरून राहिला.

थोड्या वेळानं पुकारा झाला. जज्जसाहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली. तेरसिंग आम्हाला रामराम करून शिरपूरची एसटी धरायला निघून गेला. हाशम उठेना. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि घरी घेऊन आलो.